येळवशीच्या दिवशी हिप्परग्यात

मराठवाड्यात स्वामी रामानंद तीर्थ यांचं नाव जागोजागी भेटतं. अंबाजोगाईचं वैद्यकीय महाविद्यालय त्यांच्या नावाचं, नांदेडचं विद्यापीठ त्यांच्या नावाचं. १७ सप्टेंबरच्या, म्हणजे मराठवाडा मुक्तिदिनाच्या भाषणांत भगवी वस्त्रं, निजामाचा तुरुंग, हैदराबादचा लढा हे सगळं येतं. येत नाही ती एकच गोष्ट, आणि तिचाच मला राग येतो: संन्यास घेण्याआधी हा माणूस कामगार चळवळीत होता. तेव्हा नाव व्यंकटेश खेडगीकर. टिळक महाराष्ट्र विद्यापीठातून एम. ए. होऊन ते नारायण मल्हार जोशींचे खासगी सचिव झाले. १९२० साली मुंबईत आयटक, ही कामगार संघटनांची देशव्यापी संघटना, उभी राहिली त्यात जोशी पुढे होते, आणि १९२१ पासून कामगारांच्या वतीने दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात बसत होते. भारतातला पहिला ट्रेड युनियन कायदा १९२६चा. म्हणजे युनियन ही चीज देशात आकार घेत होती, तेव्हा खेडगीकर ती अगदी जवळून बघत होते.

अंबाजोगाईचा दिवस पटकन संपला. योगेश्वरीचं दर्शन, मुकुंदराजांची समाधी, आणि ज्या योगेश्वरी विद्यालयात स्वामीजी १९३५ मध्ये आले त्याच्यासमोर जरा वेळ उभं राहणं. लॉजवर रात्रभर डासांनी झोपू दिलं नाही. सकाळी लातूर, तिथून धाराशिव जिल्ह्यातल्या लोहाऱ्याकडे, स्वामीजींची आधीची शाळा जिथे होती त्या हिप्परग्याला. एसटीचं अर्धं तिकीट, आणि बायकांनी भरलेली गाडी. वाटेत सास्तूरच्या बाजूला भूकंपानंतर वसवलेल्या गावांच्या सरळ रांगा दिसतात. १९९३च्या त्या पहाटेविषयी शेजारच्या मावशी आपणहून बोलल्या, मग गप्प झाल्या.

हिप्परग्यात उतरले तर गाव रिकामं. दारांना कड्या, पारावर एक कुत्रं. मार्गशीर्षातली अमावस्या, येळवस! या भागात त्या दिवशी गावात कुणी राहतच नाही, सगळे शेतात. विचारायचं कुणाला, या विचाराने मी वैतागले होते. तेवढ्यात डोक्यावर आंबिलीचं मडकं घेतलेली एक बाई आली. "कुणाकडं आलाव ताई?" मी म्हटलं, स्वामीजींची शाळा बघायला आले. "आज कोण दावणार शाळा? चला शेतात, आमचे मामंजी सांगतेल."

कडब्याची कोप, आत पूजेला दगडांचे पांडव मांडलेले. भाज्या-कडधान्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, खीर. ओळख ना पाळख, तरी आधी पान वाढलं आणि मग नाव विचारलं. पुण्यात माझ्याच इमारतीत मला हे कुणी करणार नाही. त्या भज्जीची चव अजून जिभेवर आहे.

मामंजींचं वय ऐंशीच्या पुढे. शाळेची हकिकत त्यांना वडिलांकडून पाठ होती. निजामाच्या मुलखात १९२१ साली इथे राष्ट्रीय शाळा निघाली, खेडगीकर इथे मुख्याध्यापक झाले, इथेच संन्यास घेतला. "आन् मग हैद्राबादला जाऊन झेंडा लावला, धरलं त्येंला." बरोबरच होतं. १५ ऑगस्ट १९४७चा तो झेंडा, आणि त्यानंतरचा तुरुंगवास.

मग सहज कळलं की मामंजी सोलापूरच्या एका गिरणीत होते. बदलीवर लागले, पुढे कायम झाले, साच्यांवर आयुष्य गेलं. गिरणी बंद पडल्यावर गावी परतले. मी म्हटलं, "बाबा, स्वामीजी शाळेत येण्याआधी कामगारांच्या युनियनचं काम करत होते."

हातातला उंडा तसाच राहिला. "आमच्या युनियनवाले? स्वामी?" त्यांनी सुनेला हाक मारली, नातवाला हाक मारली, पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी विचारलेला प्रश्न मला आजवर एकाही अभ्यासकाने विचारलेला नाही: "मग सोडली का युनियन?"

मी मला पटलेलं उत्तर दिलं. सोलापूर इंग्रजांकडे होतं, तिथे निदान गिरणीच्या दारात सभा भरवता यायची. हिप्परगा निजामाकडे. इथे गश्ती नंबर ५३, म्हणजे निजाम सरकारचा हुकूम, लागू होती, परवानगीशिवाय सभा म्हणजे गुन्हा. स्वामीजींच्या हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर १९३८ मध्ये ती स्थापन होण्याआधीच बंदी आली आणि १९४६ पर्यंत टिकली. जिथे चार माणसं एकत्र बसू शकत नाहीत तिथे युनियन कशी काढणार? आधी एकत्र बसण्याचा हक्क मिळवायचा होता. सभासद जोडणं, मागणी लिहून देणं, नकार आला की तुकड्या करून सत्याग्रहाला जाणं, या पद्धतीत मला जोशींकडची तालीम दिसते.

"आन् खासदार झाल्यावर?" म्हातारा सोडत नव्हता.

१९५२ला गुलबर्ग्यातून, १९५७ला औरंगाबादेतून ते लोकसभेवर गेले. एकदा कानडी मुलखातून, एकदा मराठी. मधल्या काळात ज्या हैदराबाद राज्यासाठी ते लढले त्याचीच भाषेप्रमाणे वाटणी व्हावी म्हणून स्वतःच्या पक्षातल्या मोठ्या माणसांशी ते भांडले. १९५६ला ती झाली, मराठवाडा मुंबई राज्यात आला. मंत्रिपदं वाटली जात होती त्या दिवसांत हे करायला काय लागत असेल! पुढे निवडणुका सोडून ते खादीच्या कामात राहिले, आणि १९७२ मध्ये हैदराबादला वारले. अशा खासदाराच्या आयुष्यातली कामगार चळवळ आपण पुसून टाकतो, कारण कफनीला हार घालणं सोपं असतं आणि युनियनवाल्याची आठवण काढली की आजच्या कंत्राटी कामगाराकडेही बघावं लागतं.

शाळेची जागा दुसऱ्या दिवशी नातवाने दाखवली. तिच्यापेक्षा माझ्या लक्षात राहिलं ते निघतानाचं. मामंजींनी वहीचं एक पान फाडून पुढे केलं. "१७ सप्टेंबरला झेंड्याला बोलावत्यात मला शाळेत. दोन शबुद बोला म्हणत्यात. ह्या साली हेच सांगतो. तेवढं त्या जोशींचं नाव आन् साल लिहून द्या, मोठ्या अक्षरात, चष्मा बिगडलाय."

मी लिहिलं: नारायण मल्हार जोशी, आयटक, १९२०. खाली लिहिलं, सचिव: व्यंकटेश खेडगीकर. त्यांनी कागद नातवाकडे दिला आणि दोनदा मोठ्याने वाचून घेतला.