आमची वाटचाल : जळगावातलं लिनक्सवरचं मिक्सिंगचं दुकान

आमच्या दुकानातला एकही कॉम्प्युटर आज विंडोजवर चालत नाही, आणि पहिलं वर्षभर सोडलं तर कधी चाललाही नाही. लग्नाच्या टेपा कॅप्चर करणं, मिक्सिंग, अहिराणी गाण्यांचं रेकॉर्डिंग, कीर्तनाचं लाइव्ह, जुन्या ऑडिओ कॅसेटी पेन ड्राइव्हवर काढून देणं, सगळं लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकटच्या सिस्टिमवर. धंद्यातल्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो आणि विचारतो, "मग आवाज कसा येतो तुमच्याकडे?" हा प्रश्न लोकांना आपोआप पडलेला नाही. तो जळगावभर फिरवला गेलाय. कुणी फिरवला ते नावासकट सांगणार नाही, पण गोलाणी मार्केटात केबल घ्यायला जाणाऱ्याला ओळखायला वेळ लागणार नाही.

२००५ साली आम्ही दोघांनी भागीदारीत सुरुवात केली. एक थ्री-सीसीडी मिनी-डीव्ही कॅमेरा, एक असेंबल केलेला कॉम्प्युटर, एक फायरवायर कार्ड, म्हणजे कॅमेऱ्यातली टेप कॉम्प्युटरमध्ये घ्यायचं कार्ड. तेव्हा सगळ्या खान्देशात मिक्सिंग चालायचं ते क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरवर. विकत घ्यायची कुणाची ऐपत नव्हती, माझीही नव्हती. ऐन एप्रिल-मेच्या तारखांत कुणाचा तरी पेन ड्राइव्ह यायचा, त्यातून व्हायरस शिरायचा आणि अर्धवट मिक्सिंग झालेलं लग्न गायब. भागीदार म्हणायचा, परत विंडोज टाकू, परत क्रॅक टाकू. मला ते दर महिन्याचं बारसं नको होतं. त्या काळी उबुंटू या लिनक्सच्या सीडी मागवल्या की पोस्टाने फुकट घरी यायच्या. त्यातली एक घातली आणि तिथून मागे वळलो नाही.

आता टेपेची गोष्ट. साठ मिनिटांची टेप कॅप्चर करायला साठ मिनिटंच लागतात, ती विंडोज असो नाहीतर लिनक्स. डीव्हीचा एक तास म्हणजे डिस्कवर साधारण १३ जीबी. हळद, सीमांतपूजन, लग्न, पाठवणी धरून चार-पाच टेपा म्हणजे त्या वेळची डिस्क जवळजवळ अर्धी संपलीच. आम्ही डीव्हीग्रॅबने टेप ओढायचो, किनोमध्ये कापाकापी करायचो. पहिल्या दिवशी कॅमेरा दिसतच नव्हता. केबल बदलली, कार्ड बदललं, भागीदाराने तर कॅमेराच बिघडला म्हणून जाहीर केलं. होतं एवढंच, की /dev/raw1394 या फाइलवर साध्या युजरला परवानगीच नव्हती. ती रूटच्या, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य युजरच्या मालकीची. परवानगी दिली आणि पडद्यावर नवरदेव घोड्यावर बसलेला दिसला. हार्डवेअर "चालत नाही" म्हणून येणाऱ्या दहातल्या बऱ्याच जणांचं दुखणं अजूनही परवानगीचंच असतं, हे लिहून ठेवा.

आणि ज्यांच्या कपाटात अजून डीव्हीच्या टेपा आहेत त्यांच्यासाठी : फायरवायर केबल लावताना कॅमेरा बंद ठेवा. सहा पिनांच्या बाजूला करंट असतो. जोर लावून उलटी खुपसली तर कॅमेऱ्याचा पोर्ट जळतो आणि आता तो पोर्ट दुरुस्त करणारा माणूस शोधूनही सापडत नाही. कार्ड जुन्या बाजारातून घेणार असाल तर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप बघून घ्या.

२००८ च्या फेब्रुवारीत, सीझन तोंडावर आलेला असताना, भागीदार वेगळा झाला. कॅमेरा त्याचा, कॉम्प्युटर माझा, अशी वाटणी. पण तारखांची वही तो घेऊन गेला. बयाणा ज्या पार्ट्यांनी दिला होता त्यांची नावं, गावं, फोन नंबर, सगळं त्या वहीत. पंधरा दिवसांत रस्त्याच्या पलीकडे त्याचं नवं दुकान. एवढ्यावर थांबला असता तर मी आज चार ओळीत विषय संपवला असता. त्याने प्रत्येक पार्टीला माझ्याबद्दल सांगितलं की, त्याच्याकडे सगळं फुकटचं आहे, विंडोजसुद्धा नाही, त्याच्या कॉम्प्युटरला आवाज येत नाही, तुमच्या मुलीच्या लग्नाची मुकी सीडी घेऊन बसाल.

दुर्दैव असं, की नेमक्या त्याच वर्षी लिनक्सवाल्यांची आवाजावरून बोंब सुरू होती. तोवर प्रोग्राम थेट अल्साशी बोलायचा, म्हणजे कर्नलमधल्या साउंड ड्रायव्हरशी. आता मध्ये पल्सऑडिओ नावाचा नवा थर आला. कल्पना चांगली होती. सगळ्या प्रोग्रामांचा आवाज एका जागी गोळा करायचा, मिसळायचा आणि कार्डाकडे पाठवायचा. पण जुने प्रोग्राम कार्ड स्वतःच्या ताब्यात घ्यायचे आणि पल्सऑडिओला ते मिळायचं नाही, नाहीतर उलट. कुठे आवाज बंद, कुठे तडतड. लोक मला विचारायला यायचे, आणि जाताना पलीकडच्या दुकानात सांगायचे की, हो, लिनक्सला आवाजाचा प्रॉब्लेम आहे म्हणे.

माझ्या मशीनला प्रॉब्लेम नव्हता. मिक्सिंगची मशीन मी इंटरनेटपासून तोडून जुन्याच आवृत्तीवर ठेवली होती. रेकॉर्डिंगच्या मशीनवर जॅक नावाचा आवाज इकडून तिकडे नेणारा प्रोग्राम होता, तो सरळ अल्सावर बसवलेला, वर रेकॉर्डिंगचा प्रोग्राम आर्डर. जॅक आणि आर्डर दोन्ही पॉल डेव्हिस या एकाच माणसाने सुरू केलेली कामं आहेत, आणि रेकॉर्डिंगच्या माणसाला काय लागतं हे त्याला कळतं. रेकॉर्डिंगच्या वेळेपुरतं पल्सऑडिओला पासस्पेंडर या कमांडने बाजूला बसवायचं. युजर ऑडिओ ग्रुपमध्ये घालायचा, लिमिट्सच्या फाइलमध्ये आरटीप्रायो (कामाचा अग्रक्रम) आणि मेमलॉक (राखून ठेवायची मेमरी) वाढवून द्यायचं, की जॅक मध्येच धाप टाकत नाही. ४८००० हर्ट्झवर बफर १२८ सॅम्पलचा ठेवला तर तेवढ्यापुरता उशीर तीन मिलिसेकंदांच्या आत. गाणाऱ्याला हेडफोनमध्ये आपलाच आवाज मागून आल्यासारखा वाटत नाही. पण हे कुणाला दाखवणार? पार्टी मशीन बघायला येत नाही, पार्टी अफवा ऐकून येत नाही.

तो उन्हाळा आठवला की अजून तोंड कडू होतं. पंचेचाळीस डिग्री, भारनियमन, दुकानाचं भाडं थकलेलं, बँकेचा माणूस दर आठवड्याला. मोटारसायकल विकली. भावाने सांगितलं, सुरतेला चल, तिकडे काम लावून देतो. मी बॅग भरण्यापर्यंत आलो होतो.

तेव्हा आप्पा आले. पारोळ्याकडचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त मास्तर. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत भरून ऑडिओ कॅसेटी आणल्या होत्या. वीस-पंचवीस वर्षं गावोगाव फिरून बायकांकडून गाऊन घेतलेली कानबाई या खान्देशातल्या देवीची गाणी, भजनं, जात्यावरच्या ओव्या. पलीकडच्या दुकानात ते आधी जाऊन आले होते. तिथे टेपरेकॉर्डरचं हेडफोनचं भोक कॉम्प्युटरच्या माइकच्या भोकात जोडून दिलं होतं. सूं-सूं जास्त आणि गाणं कमी.

कॅसेट काढायची पद्धत सांगतो, कारण ती कुणी सांगत नाही. डेकच्या लाइन-आउटमधून कॉम्प्युटरच्या निळ्या जॅकमध्ये यायचं, गुलाबीत नाही. अल्सामिक्सर उघडून एफ४ दाबायचं, लाइनवर स्पेसबार दाबून कॅप्चर चालू करायचं, माइक बूस्ट शून्यावर. खाली एमएम दिसत असेल तर ते म्यूट आहे, एम दाबून उघडायचं; अर्ध्या जगाचा "आवाज येत नाही" इथेच मिटतो. मग डेकचं झाकण काढायचं. हेडच्या शेजारी एक बारीक स्क्रू असतो. गाणं चालू ठेवून तो घड्याळजीच्या स्क्रूड्रायव्हरने केसभर इकडे-तिकडे फिरवायचा. एका जागी झांज एकदम उघडते, बांगड्या वाजलेल्यासुद्धा ऐकू येतात. तिथे थांबायचं. प्रत्येक कॅसेट वेगळ्या टेपरेकॉर्डरवर भरलेली, म्हणून प्रत्येक कॅसेटला हे नव्याने. आणि हे काम इन्व्हर्टरवर करायचं नाही. स्वस्त इन्व्हर्टरची गुरगुर थेट टेपेत उतरते. लाइट येईपर्यंत मी आणि आप्पा चहा पीत बसायचो, शाळेच्या गोष्टी व्हायच्या.

पहिली कॅसेट हेडफोनवर ऐकवली तेव्हा आप्पांना मी उत्साहाने लिनक्सबद्दल सांगायला लागलो. त्यांनी हात वर केला. "तुनं मशीन कोनतं शे ते माले काय करनं, भाऊ? आवाज चांगला येस, बस."

त्यांनी पैसे रोख दिले, घासाघीस न करता. नंतर अमळनेर, पारोळा, एरंडोल भागातली भजनी मंडळं पाठवली, त्यांचे जुने विद्यार्थी पाठवले, विद्यार्थ्यांच्या लेकींची लग्नं आली. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, तेव्हा एका घरी जाऊन आम्ही बायकांची गाणी नव्याने रेकॉर्ड केली. समोर दोन माइक, ढोलकी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून, कारण ती समोर ठेवली की बाकी काही ऐकू येत नाही. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर, म्हणजे अर्थिंगची घूं येत नाही.

पुढची दहा-बारा वर्षं बरी गेली. टेपा गेल्या, मेमरी कार्डं आली, किनोच्या जागी केडेनलाइव्ह आलं, दोन पोरं कामाला ठेवली. कर्ज फिटलं.

२०२० मध्ये लग्नाला पन्नासच माणसं, तेव्हा लाइव्हची मागणी एकदम वाढली. आमच्याकडे ओबीएस, म्हणजे लाइव्ह करायचं सॉफ्टवेअर, आधीपासून होतं. दोन कॅमेरे, दोन एचडीएमआय-यूएसबी कॅप्चर कार्डं. पहिलं चालू, दुसरं लावलं की पडद्यावर संदेश : नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस. पोरांनी बिचाऱ्यांनी डिस्कवरची जुनी लग्नं पुसायला घेतली! मी ओरडून थांबवलं. ती जागा डिस्कवरची नव्हे, यूएसबीच्या वाटेवरची. यूएसबी २ ची वाट ४८० मेगाबिटची, पहिलं कार्ड तिच्यातला मोठा हिस्सा आधीच राखून ठेवतं आणि दुसऱ्याला उरत नाही. एलएसयूएसबी -टी (lsusb -t) ही कमांड दिली की कोणतं कार्ड कोणत्या कंट्रोलरवर लटकलंय ते झाडासारखं दिसतं. दुसरं कार्ड दुसऱ्या कंट्रोलरवर न्यायचं, एवढंच. हब लावून भागत नाही, वाट तीच राहते. लाइव्ह करणाऱ्यांनी आणखी एक करा : मिक्सरचा आवाज लवकर येतो, कॅमेऱ्याचं चित्र उशिरा. टाळी वाजवून बघा आणि ओबीएसच्या सिंक ऑफसेटमध्ये तेवढे मिलिसेकंद टाका. भटजींचे ओठ आणि मंगलाष्टकं जुळली पाहिजेत.

आता पल्सऑडिओ आणि जॅक दोघांच्या जागी पाइपवायर आहे. विम टायमन्सचं काम. २०२१ मध्ये फेडोरा या लिनक्सने ते आवाजासाठी घेतलं, २०२३ मध्ये १.० आवृत्ती आली. जॅकचे प्रोग्राम आणि पल्सऑडिओचे प्रोग्राम एकाच छताखाली नांदतात, पासस्पेंडरची कसरत संपली. क्यूपीडब्ल्यूग्राफमध्ये माउसने वायर ओढली की माइक आर्डरमध्ये, आर्डर ओबीएसमध्ये. नव्या पोरांना हे सहज वाटतं. वाटू दे. माइक जोडायचा यूएसबी इंटरफेस घेताना मात्र क्लास कम्प्लायंट आहे का तेवढं विचारा. असेल तर लिनक्सला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. दुकानदाराला कळलं नाही तर दुसऱ्या दुकानात जा.

आणि पलीकडचं दुकान? तिथेही आता लाइव्ह ओबीएसवरच चालतं, कॅसेटी ऑडॅसिटीवर निघतात. दोन्ही फुकटची. पार्टीला हे सांगितलं जात नाही. मागच्या सीझनला त्यांचा पोरगा लॅपटॉप आणि दोन कॅप्चर कार्डं घेऊन आमच्याकडे आला. दुसऱ्या कॅमेऱ्याचं चित्र काळं येत होतं आणि संध्याकाळी हळदीचं लाइव्ह होतं. दोन्ही कार्डं एकाच हबवर होती. वेगळी करून दिली, चित्र आलं. तपासणीचे पाचशे रुपये घेतले आणि पावती फाडली, त्याच्या मालकाच्या नावाने.