एकत्र मारल्या गेल्या चौघी, नावं मात्र दोन ठिकाणी

१३ सप्टेंबर १९४४ ला सकाळी जर्मनीतल्या डाखाऊच्या छळछावणीत चार तरुण बायकांना गोळ्या घातल्या. नूर इनायत खान, योलांद बीकमन, एलियान प्लुमन आणि माडलेन दामरमाँ. चौघी ब्रिटिशांच्या एसओई या गुप्त संघटनेच्या एजंट, जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये पाठवलेल्या. प्रेतं तिथेच जाळली, त्यामुळे कबर कुणाचीच नाही, डाखाऊच्या दाहगृहापाशी चौघींच्या नावाची एक पाटी आहे तेवढीच.

इंग्लंडमध्ये मात्र ही चार नावं वेगळी झालीत. नूर आणि योलांद रनीमीडच्या हवाई दल स्मारकावर, एलियान आणि माडलेन ब्रुकवुडच्या लष्करी दफनभूमीतल्या स्मारकावर. दोन्ही ठिकाणं सरे परगण्यातच आहेत. कारण काय तर गणवेश. एसओई बायकांना कागदोपत्री कुठल्यातरी दलात दाखवायची, पहिल्या दोघी हवाई दलाच्या महिला शाखेत होत्या आणि दुसऱ्या दोघी फॅनी नावाच्या स्वयंसेविकांच्या दलात. एकाच कामासाठी गेल्या, एकाच ठिकाणी मेल्या, पण नाव कुठे कोरायचं ते रजिस्टरने ठरवलं. मला हे पटत नाही, नियम कळतो तरी पटत नाही.

मी रनीमीडला गेले होते. टेम्सच्या वर टेकडीवर आहे, १९५३ मध्ये राणी एलिझाबेथच्या हस्ते उद्घाटन झालं, ज्यांची कबर माहीत नाही अशी २० हजारांहून जास्त नावं. आतल्या व्हरांड्यात अरुंद उंच खिडक्या आहेत आणि खिडकीच्या दोन्ही कडांच्या दगडावर वरपासून खालपर्यंत नावं, उजेड तिरका पडतो तेव्हा अक्षरं नीट वाचता येतात. नूर पॅनेल २४३ वर. ती कोण होती, काय करत होती, त्या दगडावरून काही म्हणजे काही कळत नाही.

आपल्याकडे तिच्यावर काही छापून आलं की पहिली ओळ ठरलेली, टिपू सुलतानची वंशज, राजकन्या. अहो पण तिचं घराणं बडोद्याचं, गाणाऱ्यांचं! पणजोबा मौलाबक्ष गायकवाडांच्या दरबारात होते, १८८६ मध्ये सयाजीरावांच्या आश्रयाने त्यांनी बडोद्यात गायनशाळा काढली, तीच आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची संगीत शाखा आहे. वडील इनायत खान बडोद्यातच जन्मले आणि १९१० ला परदेशी गेले. नूर स्वतः पॅरिसजवळ वाढली, हार्प शिकली, मुलांसाठी जातककथा इंग्रजीत लिहिल्या.

आणि मग ती वायरलेस ऑपरेटर झाली, ब्रिटनने फ्रान्सला पाठवलेली पहिली बाई ऑपरेटर, हे राजकन्येपेक्षा कितीतरी मोठं आहे ना? जून १९४३ मध्ये रात्री छोट्या विमानाने उतरवली आणि आठवड्या-दहा दिवसांत तिच्या हेरगिरीच्या जाळ्यातले लोक धडाधड पकडले गेले. लंडनने परत ये म्हटलं, ती नाही आली, कारण पॅरिसमधून निरोप पाठवणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. सुटकेसमध्ये बसवलेला सेट, वजन पंधरा किलोच्या आसपास, तो घेऊन घरं बदलत फिरायचं, लांबलचक एरियल खिडकीबाहेर टांगायची, थोडा वेळ मोर्स पाठवायचा आणि लगेच गुंडाळायचं कारण सिग्नल शोधणाऱ्या जर्मन गाड्या रस्त्यावर असायच्याच. एकदा एरियल लावताना शेजारच्या जर्मन अधिकाऱ्यानेच मदत केली असं सांगतात, तिने म्हणे रेडिओ ऐकायचाय म्हणून सांगितलं.

ऑक्टोबरमध्ये कुणीतरी फितूर झालं आणि ती सापडली. तिने पाठवलेले मेसेज वहीत उतरवून ठेवलेले, ती वही आणि सेट जर्मनांच्या हातात गेला, मग ते तिच्या नावाने लंडनशी बोलत राहिले. फेब्रुवारी १९४४ मध्ये पॅराशूटने उतरलेली माडलेन दामरमाँ याच फसवणुकीत पकडली गेली, खाली गेस्टापो, म्हणजे जर्मनांचे गुप्त पोलीस, वाट बघत होते. हो, डाखाऊच्या चौघींमधली तीच माडलेन. यावरून नूरला बेफिकीर म्हणणारे बरेच आहेत, मला वाटतं दोष लंडनच्या ऑफिसचा जास्त आहे, ती पकडली गेल्याचा इशारा त्यांना ऑक्टोबरमध्येच मिळाला होता आणि त्यांनी तो मनावर घेतला नाही. तिने मात्र पळून जायचा प्रयत्न केला म्हणून जर्मनीतल्या फोर्झाइमच्या तुरुंगात महिनोन्‌महिने बेड्या घालून एकटीला ठेवली, तरी बोलली नाही. १९४९ ला जॉर्ज क्रॉस हा ब्रिटनचा शौर्याचा मोठा सन्मान दिला, मरणोत्तर.

लंडनला जाणाऱ्यांनी गॉर्डन स्क्वेअरमधला तिचा पुतळा बघावाच, पण एक दिवस काढून वॉटर्लूहून ट्रेनने एगमला उतरा, टेकडी चढून रनीमीड करा, आणि जमलं तर ब्रुकवुडलाही जा, स्टेशन दफनभूमीला लागूनच आहे, तिथे एलियान आणि माडलेनची नावं शोधा.