घारापुरीचा हत्ती

"मामा, हा हत्ती इथे एकटाच कशाला उभा केलाय?"

भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात भाचीने विचारलं. बाकी सगळी गर्दी शेजारी राणीच्या बागेत, पेंग्विन बघायला. मे महिन्यात गार हवा तिथेच, त्यामुळे त्यांचंही बरोबर आहे म्हणा!

हा दगडी हत्ती मूळचा घारापुरीचा. पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं ते याच्यामुळे. १८६४ च्या सुमारास इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले आणि उचलतानाच त्याचे तुकडे झाले. पुढे ते जोडून त्याला इथे उभं केलं.

भाचीने त्याच्या पायाला हात लावला, चटका बसला तसा फ्रॉकला पुसला. "दुखलं असेल ना त्याला?"

गेटवेवरून लाँचने घारापुरीला जाणाऱ्यांपैकी किती जण याला भेटायला येत असतील?