जवसाच्या दोन पेंढ्या

पाचव्या दिवशी सकाळी हौदातली काडी मोडली, ती अजून डोक्यातून जात नाही.

जत तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने अर्ध्या एकरातलं जवस मळून काड्या जपून ठेवल्या होत्या. "साहेब, लिननचा शर्ट एवढा महाग विकत्यात, आन् आमी ह्या चुलीत घालायच्या?" प्रश्न रास्त होता, लिनन जवसाच्याच धाग्याचं असतं. शेतीसल्ला हे माझं काम, म्हणून काड्या कुजवून बघायचं ठरवलं.

जवसाचा धागा सालीत असतो, आतला गाभा लाकडी. दोघांना पेक्टिन नावाचा डिंकासारखा पदार्थ चिकटवून ठेवतो, तो पाण्यातले जिवाणू खातात. पेंढ्या हौदात उभ्या, वर दगड, पाणी तीस अंशांच्या आसपास. चौथ्या दिवशी आंबूस वास सुटला की दर चार तासांनी काडी मोडून बघायची. गाभा ओढताच धाग्यापासून अलगद सुटला पाहिजे. लवकर काढलं तर तो चिकटून राहतो, उशीर झाला तर धागाच कुजतो. हे पाणी विहिरीत किंवा ओढ्यात सोडू नये, मासे मरतात.

गाभा सुटला, पण धागा वीतभरही अखंड नाही. मळणी ट्रॅक्टर फिरवून झालेली, काडी खळ्यावरच चेचली होती. त्यात तेलबियांचं वाण, ओळींत तीस सेंटीमीटर अंतर, म्हणून फांद्याच फांद्या. धाग्याचं जवस दाट पेरतात, ते मीटरभर सरळसोट वाढतं. शिवाय बोंडं कडक वाळेपर्यंत थांबलं की धागा राठ होतो.

त्याच हौदात त्या शेतकऱ्याच्या आईच्या दोन पेंढ्या होत्या. गाडीवाटेसाठी बांधालगतचं दाट उगवलेलं जवस त्यांनी बोंडं पिवळी पडू लागताच मुळासकट उपटून हाताने झोडलं होतं. त्या काड्या वाळवून, कुटून, झटकल्या तेव्हा हातभर लांब, फिकट सोनेरी धागा निघाला. म्हातारी तो बोटाला गुंडाळून बघत राहिली. त्या जवसाचं बी मात्र हलकं. चटणीला चाललं, तेलाचा उतारा पडला नसता. (चटणीचं जवस तडतडेपर्यंत भाजून कुटावंच. अख्खं गिळलं तर तसंच बाहेर पडतं.)

बियाणं वाटणारे खूप आहेत. धागा की तेल हे पेरणीआधीच ठरवावं लागतं, एवढं मात्र कुणी सांगत नाही. मीही सांगितलं नव्हतं.

येत्या ऑक्टोबरात तो दोन गुंठे वेगळे राखणार आहे, बी दाट फेकायला. बाकीच्या रानात तीस सेंटीमीटरच.