डीएचसीपी लॅब अपडेट: प्रायमरी पडला तरी स्टँडबाय लगेच उठत नाही, आणि ते बरोबरच आहे

मंडळी, ऑफिससारखं नेटवर्क आता लॅबमध्ये नीट उभं राहिलंय. स्टाफ, फोन, गेस्ट असे वेगळे व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगळी नेटवर्कं), मधे त्यांना जोडणारा लेयर थ्री स्विच आणि डीएचसीपीचे, म्हणजे मशीन्सना ठराविक वेळेसाठी आयपी पत्ता (लीज) वाटणारे, दोन सर्व्हर. इंटरनेट सिस्टम्स कन्सॉर्शियमचा जुना आयएससी डीएचसीपी काढला कारण 2022 मध्ये आयएससीनेच त्याचं मेंटेनन्स थांबवल्याचं जाहीर केलं, म्हणून दोन्हीकडे त्यांचंच नवं सॉफ्टवेअर कीया टाकलंय, हॉट-स्टँडबाय मोडमध्ये, म्हणजे प्रायमरी एकटा पत्ते वाटतो आणि स्टँडबाय तो पडला तरच काम घेतो. दोघांनी काम वाटून घ्यायचं लोड-बॅलन्सिंगही करता येतं, पण काही बिघडलं की एकाच सर्व्हरचा लॉग उघडायचा हे मला जास्त सोयीचं वाटतं. पत्त्यांचा साठा (पूल) दोन सर्व्हरमध्ये 80-20 टक्के वाटून द्यायची जुनी पद्धत मुद्दाम टाळली, त्यात एकाने काय दिलंय ते दुसऱ्याला कळतच नाही.

सेटअप फार अवघड नाही. हाय अव्हेलेबिलिटीचा हुक (कीयाला जोडायचं प्लगइन) लागतो आणि त्याच्यासोबत लीज कमांड्सचा हुकही लागतो, कॉन्फिग दोन्हीकडे सारखंच, फक्त आपण कुठला सर्व्हर ते नाव वेगळं. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा, सिंक होतात त्या लीज, कॉन्फिग नाही. प्रिंटरचं रिझर्व्हेशन, म्हणजे त्याच्यासाठी राखून ठेवलेला पत्ता, प्रायमरीच्या फाइलमध्ये टाकलं तर स्टँडबायच्या फाइलमध्येही तुम्हालाच टाकावं लागणार. आणि घड्याळं जुळवणारं एनटीपी आधी लावा, दोघांच्या घड्याळात 30 सेकंदांचा फरक पडला की वॉर्निंग येते आणि 60 च्या पुढे गेला की जोडीच तुटते.

आता खरी मजा. प्रायमरीची व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) बंद केली, हार्टबीट, म्हणजे दोन सर्व्हर एकमेकांना पाठवतात ते 'जिवंत आहे'चे संदेश, गेले, उत्तराची वाट बघायची मुदत म्हणजे मॅक्स-रिस्पॉन्स-डिलेचा मिनिट उलटून गेला तरी स्टँडबाय गप्प! नवीन क्लायंट (पत्ता मागणारी मशीन्स) डिस्कव्हर, म्हणजे पत्त्याची मागणी, पाठवतायत आणि शेवटी सर्व्हर न मिळाल्यामुळे स्वतःच 169.254 चा पत्ता घेऊन बसतायत. कारण असं की हार्टबीट तुटले म्हणजे पार्टनर मेलाच असं कीया धरत नाही, मधली लिंकही तुटलेली असू शकते ना. मग तो क्लायंटच्या पॅकेटमधलं secs (सेकंद) फील्ड बघतो, म्हणजे क्लायंट किती सेकंद ताटकळलाय ते, आणि डिफॉल्टला 10 सेकंदांपेक्षा जास्त ताटकळलेले 10 हून जास्त वेगवेगळे क्लायंट दिसले तरच पार्टनर-डाउनमध्ये जातो, म्हणजे पार्टनर मेला असं धरून स्वतः पत्ते वाटायला लागतो. लॅबमध्ये तेवढी मशीन्स नव्हतीच, मग उठणार कसा. लहान ऑफिसमध्येही हेच होईल, सकाळी सगळे एकदम आले तर आकडा भरेल, दुपारी एकटा लॅपटॉप जोडला तर नाही भरणार.

क्लायंटच्या या 10 च्या आकड्याचं सेटिंग म्हणजे मॅक्स-अनॲक्ड-क्लायंट्स. ते शून्य केलं की ही तपासणी बंद होते आणि मिनिटाभरात टेकओव्हर होतो, म्हणजे स्टँडबाय काम हातात घेतो. पण मग दोन सर्व्हरमधली नुसती लिंक तुटली तर दोघंही स्वतःला एकटं समजणार आणि एकाच पूलमधून वाटत सुटणार, एकच आयपी दोघांना जायची पूर्ण सोय. त्यामुळे शून्य मला पटत नाही, मी 2 ठेवलंय आणि त्यावर टेकओव्हर व्यवस्थित होतोय.

लीज 8 तासांची ठेवलीय. म्हणजे क्लायंट 4 तासांनी थेट प्रायमरीकडेच (युनिकास्ट) रिन्यू मागतो, उत्तर नाही आलं तर 7 तासांनी सगळ्यांना हाक मारून (ब्रॉडकास्ट) कुणाकडूनही घेतो. चालू मशीन्सना अर्ध्या तासाचा आउटेज कळतसुद्धा नाही, त्रास होतो तो नवीन येणाऱ्यांनाच. पाच-दहा मिनिटांच्या लीज ठेवणाऱ्यांनी हा हिशोब जरूर करून बघा, तिथे हे संरक्षण जवळजवळ राहतच नाही.

स्विचवर प्रत्येक व्हीलॅनच्या रिलेला (क्लायंटची मागणी सर्व्हरपर्यंत पोचवणाऱ्या सोयीला) दोन्ही सर्व्हरचे पत्ते दिलेत, आणि डीएचसीपी स्नूपिंगमध्ये, म्हणजे भलत्या पोर्टवरून आलेल्या ऑफर अडवणाऱ्या स्विचच्या सोयीत, दोन्ही सर्व्हरचे पोर्ट ट्रस्टेड केलेत. स्टँडबायचा पोर्ट राहिला तर तो ऑफर पाठवत राहतो आणि स्विच ती गिळत राहतो, आणि रोज प्रायमरीच चालू असल्यामुळे हे नेमक्या गरजेच्या दिवसापर्यंत कळत नाही.

प्रायमरी परत चालू केला की तो आधी स्टँडबायकडून सगळ्या लीज ओढून घेतो, मग सूत्रं हातात घेतो, तेही बघून झालं. पुढचं काम म्हणजे दोन्ही सर्व्हर चालू ठेवून फक्त मधली लिंक तोडायची आणि 2 च्या सेटिंगवर स्टँडबाय खरंच गप्प राहतो का ते लॉगमध्ये बघायचं. कुणी मोठ्या नेटवर्कवर हा आकडा बदलून चालवत असाल तर किती ठेवलाय आणि का, तेवढं सांगा.