ट्रक उभा करायला जागा

शिकागोच्या नैऋत्येला जोलिएट आहे. इंटरस्टेट ८० आणि ५५ हे महामार्ग तिथे एकमेकांना छेदतात, म्हणून आजूबाजूला जिकडे पाहावं तिकडे गोदामं. त्यातल्या एका किराणा मालाच्या गोदामात मी ट्रकच्या वेळा लावते. कोणती गाडी कधी येणार, कोणत्या दरवाज्याला लागणार, हे माझं काम. वजनाने मोजलं तर अमेरिकेतला ७० टक्क्यांहून जास्त माल ट्रकने जातो. रेल्वेने आलेला कंटेनरही दुकानापर्यंत पोहोचायला शेवटी ट्रकवरच चढतो.

जानेवारीतल्या त्या दिवशी लेट्यूसचा रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारा ट्रक, सकाळी सहाला यायचा होता. हिवाळ्यात हा माल ॲरिझोनातल्या युमाहून येतो, सुमारे १८०० मैल. आदल्या रात्री मिसुरीत रस्त्यावर बर्फ गोठला म्हणून चालक स्प्रिंगफील्डजवळ थांबले आणि दुपारी दीडला आमच्या फाटकात पोहोचले. वेळ चुकलेल्या गाडीसाठी आमचा नियम ठरलेला: दरवाजा रिकामा झाला तर आज, नाहीतर उद्या.

चालक कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोकडचे, साठीचे सरदारजी. माझी नावपट्टी वाचून हिंदीतच म्हणाले, "बेटी, छह बजे मेरी घड़ी बंद हो जाएगी."

त्यांची घडी म्हणजे कायद्याची. काम सुरू केल्यापासून १४ तासांच्या आत जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवायची, मग सलग १० तास विश्रांती. डिसेंबर २०१७ पासून बहुतेक ट्रकमध्ये हे इलेक्ट्रॉनिक यंत्रच नोंदवतं. ते पहाटे चारला निघालेले. आमच्या अंगणात नुसतं थांबण्यात जाणारा वेळही सर्वसाधारणपणे त्या १४ तासांतूनच कापला जातो, आणि बहुतेकांना पैसे मिळतात मैलांवर. थांबल्याचा मोबदला द्यायचा झाला तरी पहिले दोन तास सहसा फुकटच धरतात. मला हा सरळ अन्याय वाटतो. उशीर कोणाचाही असो, वेळ चालकाचाच जातो.

मी यादी पाहिली. नऊ नंबरच्या दरवाज्याला डबाबंद टोमॅटोचा ट्रेलर लागला होता, पण तो 'ड्रॉप', म्हणजे चालक ट्रेलर सोडून कधीच निघून गेलेला. टोमॅटोला घाई नाही आणि त्या ट्रेलरमागे कोणी ताटकळतही नाही. अंगणात ट्रेलर ओढून हलवणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला सांगून तो बाजूला काढला आणि रीफर लावला. तपासनिसाने लेट्यूसच्या गड्ड्यात सुई खुपसून तापमान घेतलं, ते ठीक निघालं. मात्र वाटेतल्या हिसक्यांनी चार पॅलेट, म्हणजे फळ्यांवर रचलेले मालाचे ढीग, कलले होते. ते हाताने रचून घेईपर्यंत पावणेसात वाजले.

आता गाडी रिकामी, पण घड्याळ संपलेलं. अशा वेळी जवळच्या सुरक्षित जागेपर्यंत जायची मुभा आहे, पण जागा मिळायला हवी ना! मी तीन ट्रक स्टॉपना फोन केले, तिन्ही भरलेले. संध्याकाळनंतर इथे हे रोजचंच. आणि आमच्या अंगणात रात्री गाडी ठेवायला मनाई.

मी शिफ्ट मॅनेजरकडे गेले. त्यांनी विम्याचं कारण सांगितलं. मी त्यांना जेसन रिव्हनबर्गची हकीकत सांगितली. २००९ साली साउथ कॅरोलिनात दूध घेऊन हा ३५ वर्षांचा चालक वेळेआधी पोहोचला. माल घेणाऱ्यांचं गोदाम अजून उघडलं नव्हतं, म्हणून तो एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर थांबला. तिथे त्याला गोळ्या घालून मारलं. लुटीत हाती लागले सात डॉलर. त्याच्या बायकोच्या पोटात तेव्हा जुळी होती. तिने पाठपुरावा केला आणि २०१२ मध्ये ट्रकच्या पार्किंगसाठीचा 'जेसन्स लॉ' संमत झाला.

मॅनेजर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी पहारेकऱ्याला फोन लावला: कुंपणालगत, दिव्याखाली, सकाळपर्यंत.

सरदारजींना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी विचारलं, बाथरूम वापरू देतील का? हा प्रश्न त्यांना विचारावा लागतो, याची मला फार लाज वाटली. अनेक गोदामं चालकांना आत पाऊलही टाकू देत नाहीत.

त्या आठवड्यात मी लेखी मागणी केली: घड्याळ संपलेल्या चालकांसाठी कुंपणालगत दोन जागा आणि चालकांना बाथरूमची चावी. चावी लगेच मिळाली. जागा सध्या फक्त हिवाळ्यापुरत्या दिल्या आहेत, त्या वर्षभर राहाव्यात म्हणून माझं भांडण चालू आहे.