शिरोरेषा झाकताना

माझ्या डाव्या हातावर, मनगटाच्या चार बोटे वर, दोन गोंदणे शेजारी शेजारी होती. पहिले तुळशीवृंदावन आणि त्याच्याखाली पाच ठिपके. ते १९९४ साली, मी नऊ वर्षांची असताना, दारावर आलेल्या गोंदणारणीकडून आजीने काढून घेतले होते. दुसरे होते नवऱ्याचे नाव आणि नावाखाली एक लाल बदाम. ते २००६ साली, लग्नानंतरच्या पहिल्याच यात्रेत, बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राने गोंदले गेले. २०१५ मध्ये आमचा घटस्फोट झाला. नाव जावे आणि वृंदावन राहावे एवढेच मला हवे होते, परंतु ते घडायला २०२४ साल उजाडले.

मी सांगलीतल्या एका पतसंस्थेत रोखपाल आहे. खिडकीतून नोटा मोजून पुढे सरकवताना माझा हात समोरच्या माणसाच्या थेट नजरेखाली येतो आणि नोटांबरोबर तो ते नावही वाचतो. "आमच्या जावयाचंबी हेच नाव बघा, काय करतात तुमचे मालक?" असे एखाद्या खातेदार मावशी मायेने विचारत आणि मला दरवेळी काहीतरी उत्तर द्यावे लागे. त्या विचारण्यात वाईट हेतू नसे, हेच अधिक जड जाई. सांगलीच्या भर उन्हाळ्यात मी मनगटापर्यंत बाह्यांचे ब्लाऊज शिवून घेऊ लागले आणि अशी काही वर्षे काढली.

मधल्या काळात एक मोठी चूक झाली. २०१६ मध्ये ओळखीच्या एका बाईंनी खात्रीचा उपाय म्हणून चुना आणि धुण्याचा सोडा यांचा लेप सांगितला. मी तो रात्री नावाच्या पहिल्या अक्षरावर लावला. सकाळी कातडी पांढरी पडून सुटली होती, आणि ती जखम भरायला महिना लागला. खपली पडल्यावर पाहिले तर अक्षर जिथल्या तिथे होते आणि त्याच्यावर बोटाला लागेल असा जाड वण उठला होता. चुना आणि सोडा हे क्षार त्वचा वरून जाळत जातात, शाई मात्र वरच्या थराच्या खाली असते. म्हणजे शाईपर्यंत पोहोचायचे तर आधी सगळी कातडी जाळावी लागते. हा उपाय अजूनही गावोगावी सांगितला जातो म्हणून स्पष्ट लिहिते, तो कोणीही करू नये. पुढे प्रत्येक टप्प्यावर त्या वणानेच मला सर्वाधिक त्रास दिला.

२०२३ च्या एप्रिलमध्ये मी मिरजेच्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी भिंगातून हात पाहिला आणि आधी एकच प्रश्न विचारला, नाव पूर्ण काढायचे आहे की झाकायचे आहे? दोन्ही गोष्टी एकच आहेत असे मी तोपर्यंत धरून चालले होते. त्यांनी शांतपणे समजावून सांगितले की आपल्या त्वचेचा वरचा थर सतत झडत आणि नवा होत असतो, पण गोंदणाची सुई शाई त्याच्या खालच्या थरात सोडते. तिथल्या भक्षक पेशी शाईचे कण परके समजून गिळतात, मात्र ते पचवू शकत नाहीत आणि कण घेऊन तिथेच बसून राहतात. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवून दिले की अशी पेशी मेली की तिच्यातून सुटलेले कण शेजारी आलेली नवी पेशी पुन्हा गिळते, म्हणून गोंदण वर्षानुवर्षे टिकते. शरीर ते नाव जपत होते, हे ऐकून मला फार विचित्र वाटले. परंतु त्याच पेशींनी आजीचे वृंदावनही इतकी वर्षे सांभाळले होते.

लेसरचा झोत शाईचे हे कण अतिशय बारीक फोडतो, आणि मग ते बारीक कण शरीर हळूहळू वाहून नेते. काम लेसर सुरू करतो आणि शरीर ते पुढे कित्येक आठवडे करत राहते, म्हणून दोन बैठकांमध्ये सहा ते आठ आठवड्यांचे अंतर ठेवावे लागते. पूर्ण काढायचे तर माझ्या बाबतीत आठ-दहा बैठका लागतील, आणि वण असल्यामुळे तरीही पुसट छाया राहू शकेल, असे डॉक्टरांनी सांगितले. झाकायचे, म्हणजे त्यावर नवे गोंदण काढून नाव लपवायचे असेल तर दोन-तीन बैठकांत ते फिके करून घेणे पुरेसे होते. मी झाकण्याचे ठरवले. त्यांनी कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही या तिन्ही तपासण्याही करून घ्यायला सांगितल्या, कारण यात्रेतल्या त्या माणसाने माझ्या आधी आणि माझ्या नंतर तीच सुई किती हातांवर चालवली होती हे मला ठाऊक नव्हते. अहवाल येईपर्यंतचे दोन दिवस मी विसरणार नाही. तिन्ही अहवाल निर्दोष आले, आणि त्याच आठवड्यात मी कावीळ ब ची पहिली लस घेतली. एका आणि सहा महिन्यांनी उरलेल्या दोन मात्राही पूर्ण केल्या.

उन्हाने रापलेल्या हातावर लेसर नको म्हणून बैठका जुलै, सप्टेंबर आणि नोव्हेंबरमध्ये झाल्या. काळ्या शाईसाठी १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा, अतिशय क्षणिक पण जोरदार झोत सोडणारा क्यू-स्विच्ड एनडी-याग नावाचा लेसर वापरला गेला. आपल्या सावळ्या त्वचेतले रंगद्रव्यही लेसरचा प्रकाश शोषून घेते आणि मग त्या जागी पांढरे किंवा काळे डाग पडण्याची भीती असते. लांब तरंगलांबीला हा धोका कमी असतो. तरीही डॉक्टरांनी आधी एका कान्याच्या टोकावर चाचणी घेतली आणि महिनाभर थांबून निकाल पाहिला. लाल बदामासाठी ५३२ नॅनोमीटरचा झोत लागला असता, परंतु तो आपल्या त्वचेला अधिक जोखमीचा असल्याने बदाम तसाच सोडून झाकणीत घ्यावा, असे त्यांनी सुचवले. मला हा सल्ला पटला.

प्रत्यक्ष बैठक पाच-सात मिनिटांची असे. त्याआधी पाऊण तास भूल देणारे मलम लावून त्यावर प्लास्टिक गुंडाळत आणि डोळ्यांवर जाड चष्मा देत. झोत पडला की गरम तेलाचा थेंब उडाल्यासारखा चटका बसे आणि बारीक कडकड आवाज येई. त्याबरोबर अक्षर क्षणात पांढरेशुभ्र होई, जणू कोणी खडूने गिरवले आहे. पहिल्या वेळी मला वाटले की नाव गेलेच. ते त्वचेत तयार झालेल्या वायूच्या बुडबुड्यांमुळे दिसते आणि थोड्या वेळात ओसरते. मग खालून तेच नाव पुन्हा वर आले आणि मी बर्फाची पिशवी हातावर धरून खूप रडले. प्रत्येक बैठकीनंतर फोड येत. ते न फोडता मलम लावून राखावे लागत. तिसऱ्या बैठकीनंतर नाव पाटीवरच्या अर्धवट पुसलेल्या अक्षरासारखे राखाडी झाले, पण वणाखालचे पहिले अक्षर बाकीच्यांपेक्षा गडदच राहिले. प्रत्येक बैठकीला तीन हजार रुपये पडले.

शेवटच्या लेसरनंतर तीन महिने थांबायचे होते. तो वेळ मी कलाकार शोधण्यात घालवला. एका ठिकाणी त्याच दिवशी काम उरकून देतो म्हणाले आणि पंख पसरलेला मोठा गरुड दाखवला, ज्याच्या एका पंखाखाली वृंदावनही गेले असते. "तेवढं जुनं कशाला ठेवताय, सगळं एकदम नवं करू," असे तिथला मुलगा म्हणाला. मी पर्स उचलून बाहेर आले.

विश्रामबागेतले दुसरे कलाकार वयाने माझ्याहून लहान होते. त्यांनी पहिल्या दिवशी सुईला हातही लावला नाही. हाताचे फोटो घेतले, नावावर पारदर्शक फिल्म ठेवून प्रत्येक रेघ गिरवली, वणावरून अंगठा फिरवला आणि वृंदावनाबद्दल विचारले. मी आजीबद्दल सांगितले. "मेल्यावर समदं काढून घेत्यात, गोंदण तेवढं संगं येतं," असे ती म्हणत असे, आणि माझ्या हातावर सुया टोचल्या जात असताना माझे डोके तिने स्वतःच्या मांडीवर धरले होते. ऐकून ते म्हणाले, "ताई, मग हे वृंदावन रिकामं आहे, त्यातली तुळस आपण वाढवू."

त्यानंतर त्यांनी जे समजावले त्यातून झाकणी म्हणजे काय हे मला पहिल्यांदा कळले. नवी शाई जुनीवर पडद्यासारखी बसत नाही. ती त्याच थरात जाऊन जुनीत मिसळते, म्हणून फिक्या रंगाने गडद रेघ कधीच झाकली जात नाही. नव्या चित्राची सर्वांत गडद जागा जुन्या रेघेवर आली पाहिजे आणि आजूबाजूला मोकळी त्वचाही हवी, नाहीतर सगळा काळा ठिपका होतो. यामुळेच नवे चित्र जुन्याच्या दोन-तीन पट मोठे करावे लागते. माझे नाव सहा सेंटीमीटर लांब होते. फांदी चौदा सेंटीमीटरची झाली.

देवनागरीत आणखी एक अडचण असते, ती म्हणजे शिरोरेषा. सुटी सुटी अक्षरे पानाफुलांत लपवता येतात, पण सगळ्या अक्षरांवरून गेलेली सरळ रेघ डोळा लगेच शोधून काढतो, कारण झाडाझुडपांत इतके सरळ काही नसते. त्या रेघेची फांदी केली तर फांदीही पट्टीने आखल्यासारखी दिसेल. म्हणून त्यांनी फांदी शिरोरेषेच्या कधी वरून, कधी खालून वळवत नेली आणि जिथे ती रेघ ओलांडत होती तिथे पेर काढले. तुळशीला प्रत्येक पेरावर समोरासमोर दोन पाने येतात, त्यामुळे रेघेचे उरलेले तुकडे पानांच्या गडद बाजूखाली गेले. दोन्ही काने पानांच्या मधल्या शिरा झाले. वेलांटीची कमान एका मुरडलेल्या पानाची कड झाली. तुळशीच्या पानाची कड कातरलेली असते, आणि त्या दातऱ्यांमुळे जुन्या अक्षरांचे कोपरे ओळखू येईनासे झाले. लाल बदामावर त्यांनी जांभळट मंजिरी योजली, कारण कृष्णतुळशीची मंजिरी तशीच असते आणि लाल त्यात सहज मुरतो. आराखडा तीनदा बदलला. दुसऱ्या आराखड्यात मला अजून पहिले अक्षर दिसत होते आणि मी ते निर्भीडपणे सांगितले. न सांगता पुढे गेले असते तर ते कायमचे दिसत राहिले असते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये चार तासांची बैठक झाली. सुईचे सीलबंद पाकीट त्यांनी माझ्यासमोर फोडले, शाई छोट्या टोप्यांमध्ये वेगळी ओतून घेतली आणि यंत्रावर नवे प्लास्टिक चढवले. यात्रेतल्या सतरंजीवरचा तो प्रसंग आठवून मला पोटात खड्डा पडल्यासारखे झाले. वणाच्या जागी सुई फार दुखली आणि तिथे शाई नीट धरत नव्हती; त्यांनी जोर न लावता ती जागा अर्धी सोडली आणि पुढच्या वेळी भरू म्हणाले. दुरुस्तीसह अकरा हजार रुपये झाले.

घरी आईने हात पाहताच हळदीचा डबा काढला. "हळद लाव की गं जरा, खपली धरंल," असे तिचे सतत चालू होते. आमच्या घरी कापले, भाजले, ठेचले तरी हळद, आणि सांगलीला राहून हळद नको म्हणणे तिला अपमानासारखे वाटले. परंतु डब्यातली हळद निर्जंतुक नसते आणि हजारो टोच असलेल्या ताज्या गोंदणात कोणतीही पूड जाता कामा नये, हे मला डॉक्टर आणि कलाकार दोघांनीही बजावले होते. कोमट पाणी, सौम्य साबण, मलमाचा अगदी पातळ थर, सैल सुती बाही, आणि खपली कितीही खाजली तरी नख लावायचे नाही. ऊन आणि भिजवणे हे दोन्ही वर्ज्य होते, म्हणून त्या वर्षी महाशिवरात्रीला मी आईबरोबर कृष्णेच्या घाटावर गेले, पण पाण्यात उतरले नाही. पंधरा दिवसांत खपल्या पडल्या. मी नेमाने रक्तदान करत असे. गोंदणानंतर रक्तपेढी एक वर्ष रक्त घेत नाही, हे मात्र आधी कोणी सांगितले नव्हते.

एप्रिलमध्ये दुरुस्तीची बैठक झाली. वणावरची शाई अपेक्षेप्रमाणे ठिकठिकाणी उडाली होती. ती त्यांनी ठिपक्या-ठिपक्यांनी भरली. तिरप्या उन्हात हात धरला तर पहिल्या अक्षराचा उंचवटा अजून कळतो, डोळ्यांपेक्षा बोटाला अधिक. बाहेर पडताना मी सनस्क्रीन लावते आणि पतसंस्थेत अर्ध्या बाह्यांचे ब्लाऊज घालते. आजीचे वृंदावन मात्र नव्या काळ्या पानांशेजारी फिके, निळसर हिरवे दिसते, कारण त्वचेत खोल बसलेली काजळी वरून तशीच दिसते. काम संपत आले तेव्हा यंत्र चालूच होते, म्हणून खालचे पाच ठिपकेही गडद करून देऊ का, वेगळे पैसे नकोत, असे त्यांनी विचारले. मी नको म्हटले.